सहावं रीळ

सिनेमा दाखवणाऱ्या माणसाला सिनेमा बघायला मिळत नाही, हे कुणालाच पटत नाही. माझा मुलगा दोह्याला अल मुंतझात राहतो. त्याच्याकडे गेलो की नातवंडं मला टीव्हीसमोर मधोमध बसवतात आणि दहा मिनिटांत मी उठून दाराशी जाऊन उभा राहतो. त्यांना वाटतं, दादांना सिनेमा आवडत नाही. तसं नाही. कतारच्याच उम्म सईद बंदरातल्या कामगारांच्या कॅम्पात मी सगळी उमेदीची वर्षं उभ्यानेच सिनेमे दाखवले, एक डोळा पडद्यावर आणि दुसरा यंत्रातल्या ज्योतीवर ठेवून. बसून बघायला लागलं की आतून कुणीतरी ढोसतं, ऊठ, काहीतरी जळतंय. ही खोड आता कबरीतच जाईल.

या अंकाच्या संपादकांनी 'तेलावर लिहा' असं सांगितलं होतं. तेलाबद्दल मला ठाऊक आहे ते एवढंच की ते दुखानच्या विहिरींतून नळाने उम्म सईदला यायचं आणि तिथून जहाजांत भरलं जायचं. मी तेल कंपनीच्या पगारावर होतो, पण तेलाला माझा हात कधी लागला नाही. तेव्हा संपादकांची माफी मागून मी एका स्वीडिश नटाबद्दल लिहितो. तो वारून बरीच वर्षं झाली. त्याचं नाव पडद्यावर मोठ्या अक्षरांत यायचं, पण आमच्या कॅम्पात ते कुणी उच्चारायच्या भानगडीत पडलं नाही. एका सिनेमात तो जहाजाचा कप्तान झाला होता, तेवढ्यावरून आमच्या रत्नागिरीकरांनी त्याला 'तांडेल' करून टाकलं. आमच्याकडे होडी-गलबत चालवणाऱ्या मुख्य माणसाला तांडेल म्हणतात.

आधी धंद्याचं थोडं सांगतो. सिनेमा एका लांबलचक फितीवर नसतो, पाच-सहा रिळांत तोडलेला असतो. खोलीत दोन यंत्रं. पहिल्यावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक बारीक ठिपका चमकतो. तो दिसला की दुसरं यंत्र चालू करायचं, आणि लगेच येणाऱ्या दुसऱ्या ठिपक्याला पहिल्याचं झाकण पाडायचं. नीट जमलं तर बघणाऱ्याला काही कळत नाही. चुकलं तर सगळा कॅम्प तुमच्या आईबापांची चौकशी करतो. उजेड कार्बनच्या दोन कांड्यांमधून पडायचा. त्या झिजत जायच्या, त्यांच्यातलं अंतर सारखं हाताने जुळवत राहावं लागे. उन्हाळ्यात खोलीचा पत्रा तापलेला असे, फीत पापडासारखी कडकडे. मी भिंतींना ओली गोणपाटं लावायचो आणि खेळ संपेपर्यंत ती वाळून खडखडीत व्हायची.

खेळ दोन. गुरुवारी साहेबांच्या क्लबात खुर्च्यांचा, शुक्रवारी आमच्या लोकांचा, उघड्यावर, चुना फासलेल्या भिंतीवर. ज्याला जमेल त्याने खोकं, डबा, चटई आणायची. साहेबांचा हुकूम होता की शुक्रवारी चुंबन आलं तर भिंगापुढे हात धरायचा. मी धरायचो. माझा तळवा त्या भिंतीवर मोठमोठ्या नटांपेक्षा जास्त वेळा झळकला असेल. मागे बसलेले पठाण तर माझा हात ओळखायला लागले होते आणि दिसला की सलाम ठोकायचे.

पण माझी खरी नोकरी वेगळीच होती. सिनेमे इंग्रजी, नाहीतर भलत्याच भाषेतले आणि खाली इंग्रजी अक्षरं. बघणारे रत्नागिरीचे, कुलाब्याचे, मलबारी, बलुच. पडद्यावरचं बोलणं त्यांना कुणी सांगायचं? खोलीत एक मायक्रोफोन होता, मुकादमाच्या घोषणांसाठी ठेवलेला. एका शुक्रवारी मी सहज तो उचलला आणि नायिका काय म्हणते ते हिंदीत सांगितलं, मधे दोन-चार शब्द कोकणीही गेले. त्या दिवसापासून ती प्रथा पडली. क्लबात शिकलेल्या माझ्या इंग्रजीला जिथे कळायचं नाही तिथे मी पदरचं घालायचो. त्यामुळे आमच्या कॅम्पात जगातले सगळे नट या उस्मानच्या आवाजात बोलायचे, आणि बरेचदा उस्मानच्या मनातलं बोलायचे.

तांडेलाचे पाच-सहा सिनेमे तरी माझ्या हातांखालून गेले. एकात तो देवावरचा विश्वास उडालेला पाद्री होता. तो बघताना क्लबातले साहेब घोरत होते आणि आमचे लोक सुन्न बसले होते. एकात मेलेल्या भावाची पोरं वाढवणारा लाकूडतोड्या. एका अमेरिकन सिनेमात त्याला दोन वाक्यांचा हेर केला होता. त्या दोन वाक्यांची मी आठ केली, कारण आमच्या माणसाचा एवढा अपमान कुणाला सहन झाला नसता. उंच, खांदे किंचित वाकलेले, आणि पडद्यावर कधी स्वस्थ उभा नाही. बोलताना टोपी फिरवेल, दार उघडून बाहेर बघून येईल. त्याचं हे येरझाऱ्या घालणं मला फार आवडायचं. क्लबात येणाऱ्या साप्ताहिकांतून कळायचं की हा माणूस खऱ्या आयुष्यातही तसाच. निर्मात्यांशी भांडायचा, सिनेमा अर्धवट टाकून बंदराबंदरांतून खलाशांच्या वसतिगृहांसाठी हिंडायचा. एकदा त्याला मोठं पदक मिळालं तर घ्यायला गेलाच नाही, कुठल्याशा कोळ्याच्या मयतीला गेला. साहेब लोक म्हणायचे, नाटकी आहे.

आता त्या कप्तानाच्या सिनेमाकडे येतो. वादळात जहाज फुटतं. कप्तान सगळ्या माणसांना होड्यांत उतरवतो. पाचवं रीळ संपतं तेव्हा तो कललेल्या डेकवर एकटा उभा असतो आणि होड्या लांब चाललेल्या असतात. सहाव्या रिळात तो जहाजाबरोबर बुडतो, खलास.

हा सिनेमा पहिल्यांदा शुक्रवारी लावला आणि सहावं रीळ सुरू होताच गडबड झाली. म्हाताऱ्या आचाऱ्याने कुणी गेल्यावर म्हणतात ते 'इन्ना लिल्लाही' मोठ्याने म्हटलं. चार-पाच जण उठले. मुकादम धावत खोलीशी आला आणि म्हणाला, बंद कर. मी यंत्र बंद केलं आणि सुचलं ते मायक्रोफोनवर सांगून टाकलं, "तांडेल दुसऱ्या होडीने आला." लोक शांत झाले आणि आपापली खोकी उचलून गेले. पुढे त्या सिनेमाची पेटी दरवर्षी एकदा तरी बहारीनहून फिरून यायची. लोक तोच सिनेमा हौसेने मागायचे, पण सहावं रीळ डब्यातून बाहेर काढायचं नाही आणि शेवटी मी ते वाक्य म्हणायचं, असं न बोलता ठरून गेलं होतं.

यामागचं कारण होता हसनचाचा. ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

हसनचाचा माझ्या गावापासून खाडीपलीकडचा. एके काळी तो खराच तांडेल होता, कौलं घेऊन गलबत आखातात आणायचा आणि खजूर घेऊन परतायचा. मस्कतच्या अलीकडे त्याचं गलबत बुडालं. चार खलाशी गेले आणि हा एकटा दुसऱ्या एका गलबताला सापडला. आमच्याकडे रीतच आहे की तांडेल शेवटी उतरतो. मग चौघं गेले आणि तांडेल वाचला, हे कसं? घरी जाऊन ते सांगायची त्याची छाती झाली नाही. ज्या गलबताने उचलला त्यानेच तो इकडे आला आणि उम्म सईदच्या धक्क्यावर दोर धरायच्या कामाला लागला. वर्षं उलटली तरी गावाकडे फिरकला नाही. बायको वाट बघत होती. सुट्टीवर जाणारे विचारायचे, चाचा, येतोस का? तो म्हणायचा, पुढच्या खेपेला, इन्शाल्ला. लाँचचं सुकाणू तो हातात घेत नसे आणि कुणी तांडेल म्हणून हाक मारली तर ताटावरून उठून जाई. त्याच्या पाठीमागे लोक नको ते बोलायचे. पण त्याच्या डोळ्यांसमोर तो कप्तान बुडू द्यायला त्यांतला एकही तयार नव्हता.

तो सिनेमा लागला की हसनचाचा बसायचा नाही. माझ्या खोलीमागे पाण्याचं पिंप होतं, त्याच्याभोवती फेऱ्या मारायचा. आत मी, बाहेर तो, दोघंही उभे. पाचवं रीळ संपलं की दारात येऊन विचारायचा, मग काय झालं? मी म्हणायचो, दुसऱ्या होडीने आला. न उघडलेल्या डब्याकडे बघून तो म्हणायचा, खोटं बोलतोस, आणि निघून जायचा. माझ्या जिवाला त्या डब्याची टोचणी लागलेली असायची. दाखवला तरी वाईट, लपवला तरी वाईट.

आणि एका वर्षी तो नट स्वतःच उम्म सईदला आला.

तेल भरायला आलेल्या एका स्वीडिश जहाजावर, खलाशांच्या कामासाठीच, तो प्रवास करत होता. क्लबात धांदल उडाली. त्याच्या सन्मानार्थ कप्तानाचा सिनेमा मागवला गेला. गुरुवारी साहेबांनी सहाही रिळं बघितली आणि टाळ्या वाजवल्या. तो मागे भिंतीला टेकून उभा होता, सारखा घड्याळ बघत. त्याच संध्याकाळी त्याला परत जहाजावर जायचं होतं, पण शमाल सुटला. उत्तरेचा हा वारा सुटला की लाँच निघत नाही. त्यामुळे तो शुक्रवारीही किनाऱ्यावरच अडकला. क्लबात कंटाळला असणार, कारण आमच्या खेळाला तो एकटाच चालत आला आणि सगळ्यांच्या मागे उभा राहिला. केस पांढरे झालेले आणि वाळूसाठी तोंडाला रुमाल बांधलेला, त्यामुळे लोकांनी त्याला ओळखला नाही. मी ओळखला. मी त्याच्या तोंडी काय काय घालत होतो ते त्याला कळणार नव्हतं, पण सहावं रीळ गाळलेलं कळणारच होतं.

पाचवं रीळ संपलं. लोक वाट बघत बसलेले. मी दिवा लावला आणि नेहमीचं वाक्य म्हटलं. लोक उठून गेले.

तो वाकून खोलीत आला. सहाव्या रिळाच्या डब्यावर बोट ठेवून त्याने विचारलं, हे का नाही लावलं? मनात म्हटलं, गेली नोकरी. उद्या हा साहेबाला सांगणार. पण थाप सुचेना, तेव्हा होतं ते सांगितलं. हे लोक दर्यावर्दी आहेत, त्यांना तू बुडलेला चालत नाहीस. तो हसला नाही. त्याने विचारलं, सगळ्यांना की एखाद्याला? मी दाराबाहेर बघितलं. पिंपाजवळ हसनचाचा फेऱ्या मारत होता.

हसनचाचाने दारात येऊन त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग मला म्हणाला, "ह्याला विचार. बुडाला का तो?"

मी विचारलं. नटाने तोंडावरचा रुमाल सोडला. म्हणाला, सिनेमात बुडलो. स्टुडिओतल्या टाकीत. हिवाळा होता म्हणून पाणी कोमट केलं होतं. त्या बुडण्यावर माझं नाव झालं, आता कुठल्याही बंदरात गेलो तरी लोक त्याच्याबद्दलच बोलतात. मग त्याने आपल्या बापाची गोष्ट सांगितली. बाप जहाजावर कप्तान होता. जहाज फुटलं, तीन माणसं गेली, बाप परत आला. गावात त्याला कुणी शब्दाने दुखवलं नाही. त्यानेच त्या तीन घरांच्या रस्त्याने जाणं सोडलं.

"मी त्याला हा सिनेमा दाखवायला घेऊन गेलो," तो म्हणाला. "बघून झाल्यावर म्हणाला, पोरा, तू लवकर सुटलास."

मला वाक्याला चार वाक्यं जोडायची सवय. त्या दिवशी माझ्याकडून एक अक्षर जास्त गेलं नाही. हसनचाचा ऐकत राहिला. मग म्हणाला, "ह्याचा बापूस गेला का त्या घरांत? मागनं तरी?"

नट म्हणाला, नाही. मरेपर्यंत नाही. तो गेला नाही म्हणून मी बंदराबंदरांतून असल्या घरांची दारं वाजवत हिंडतो. लोकांना वाटतं माझं मन मोठं आहे.

हसनचाचा आत आला. डबा स्वतःच उचलून त्याने माझ्या हातात दिला. "लाव," म्हणाला.

वारा भिंतीवर वाळू मारत होता. आम्ही तिघं उभ्याने ते रीळ बघितलं. कप्तान टोपी काढतो, कठड्याला धरून ताठ उभा राहतो, पाणी हळूहळू छातीपर्यंत चढतं. हसनचाचा म्हणाला, "पाणी असा उभा ऱ्हावू देत नाय. पयले पाय नेतं." मी ते इंग्रजीत सांगितलं. नटाने मान हलवली आणि विचारलं, आणखी काय होतं?

तिथे हसनचाचाचं तोंड उघडलं. कौलं एका बाजूला घसरली ती कशी, डोलकाठी मोडली ती कशी, आणि मग एकेकाचं नाव घेऊन, तो शेवटचा दिसला तेव्हा काय करत होता ते त्याने सांगितलं. एक जण पाणी उपसत होता आणि हसत होता, म्हणत होता की घरी कुणाला खरं वाटायचं नाही. आपण कसे बाहेर फेकले गेलो ते चाचालाच कळलं नव्हतं. मी खाडीअलीकडच्या गावचा, इतकी वर्षं एका पंगतीला जेवलेला, आणि हे मी पहिल्यांदा ऐकत होतो, तेही एका गोऱ्या माणसाला सांगताना. रीळ कधीच संपून गेलं होतं, यंत्रावर फितीचं टोक फटफट वाजत होतं आणि ते बंद करायचं मला सुचलं नाही. एरवी असलं काही दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला खोलीबाहेर काढला असता.

दुसऱ्या दिवशी वारा पडला. नट लाँचमध्ये बसला तेव्हा दोर हसनचाचानेच सोडला. चाचाने छातीवर हात ठेवला, त्याने टोपी काढली. साहेबाकडे माझी तक्रार गेली नाही.

पुढच्याच आगबोटीने हसनचाचा गावी गेला. सहा महिने त्याची खबर नव्हती आणि मला चैन पडत नव्हतं. वाटायचं, आपणच त्याला वाघाच्या जबड्यात पाठवला. मग गावाहून परतलेल्या एकाने सांगितलं. हसनचाचा चारही घरी गेला होता. दोन घरी पाणी दिलं. एका घरी शिव्या दिल्या आणि मग जेवायला बसवलं. चौथ्या घरी म्हातारीने दार उघडलं नाही. हा रोज सकाळी जाऊन तिच्या पायरीवर बसायचा. कितव्या दिवशी कोण जाणे, तिने दार उघडलं आणि एवढंच विचारलं की माझा पोर घाबरला होता का? तो पाणी उपसताना हसणारा, तो हिचाच. चाचाने ते सांगितलं तेव्हा म्हातारी त्याच्याजवळ बसली आणि म्हणाली, पुन्हा सांग.

तो परत आला तो बदलून आला असं मी म्हणणार नाही. तसाच कमी बोलायचा, तसाच फेऱ्या मारायचा. पण लाँचचं सुकाणू त्याने हातात घेतलं, आणि जेवताना कुणीतरी चुकून तांडेल म्हटलं तेव्हा ताटावरून उठला नाही. भाताचं पातेलं पुढे सरकवलं.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी क्लबात बातमी आली की तो नट वारला. साप्ताहिकात पानभर लिहून आलं होतं. त्याचे सिनेमे, त्याची भांडणं, न घेतलेलं पदक, आणि मोठा फोटो अर्थात बुडतानाचा. दारं वाजवत हिंडण्यावर एक ओळ होती. मी धक्क्यावर जाऊन हसनचाचाला सांगितलं. त्याने विचारलं, "कय गेला? पाण्यात?"

म्हटलं, नाही, इस्पितळात, अंथरुणावर.

"बरा झाला," तो म्हणाला आणि बराच वेळ दोर गुंडाळत राहिला.

शुक्रवारी त्याच्या आठवणीत तो सिनेमा लावला. कधी नव्हे एवढी गर्दी होती. मी बोलत होतो, पण त्या दिवशी पदरचं काही घातलं नाही. पाचवं रीळ संपत आलं. माणूस खरोखर मेला आहे, हे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे, आता नेहमीचं वाक्य कुठल्या तोंडाने म्हणायचं? सहावं रीळ दुसऱ्या यंत्रावर चढवून ठेवलं होतं. कोपऱ्यात ठिपका चमकला. माझा हात कळीवर जाऊन थांबला आणि भिंत पांढरी झाली.

कुणी ओरडलं नाही. हसनचाचा पिंपाजवळून खोलीत आला. त्याने माझ्या हातातून मायक्रोफोन घेतला. तो उलटा धरला होता, मी सुलटा केला.

"तांडेल दुसऱ्या होडीनं आला," तो म्हणाला. "मना म्हाईत हाय. मी भेटलोय त्याला."